रांगेतल्या बाईला जाब कशाला?

दिवाळीच्या तीन आठवडे आधी आमच्या सोसायटीची सभा झाली. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी आणि पार्किंग होते, पण सभा पेटली ती भलत्याच विषयावर. एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवले की यंदा फराळाचे वाणसामान सगळ्यांनी नाक्यावरच्या शेठकडूनच भरावे. सूचना चांगली होती. तिच्या पाठोपाठ आलेले वाक्य मात्र असे होते : "चार पैसे वाचवायला डीमार्टच्या रांगेत तासतासभर उभे राहणाऱ्यांना मनाची नाही तर जनाची तरी वाटली पाहिजे. करोनात तुम्हाला जगवले कोणी?" दोघातिघांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या वहिनी तेवढा वेळ ओढणीच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत खाली बघत बसल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शटर वर जायच्या आत त्या त्याच रांगेत असतात. पगार झालेला असतो, हातात यादी असते, दोन रिकाम्या पिशव्या असतात. महिन्याला आठशे-नऊशे रुपये वाचतात आणि त्यात सासूबाईंची रक्तदाबाची गोळी येते, असे त्यांनीच मला एकदा जिन्यात सांगितले होते. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. मला बोलता आले असते, पण मीही बोलले नाही, आणि ते मला अजून टोचते आहे.

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. तीच डाळ, तोच साबण, तेच तेल कमी पैशांत मिळत असेल तर ते घेणाऱ्याने कुणाचेही काही बुडवलेले नाही. छोट्या दुकानदारावर अन्याय होतो आहे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण तो अन्याय ट्रॉली ढकलणारी बाई करत नाही. तो तिच्या कितीतरी वर, कंपनीच्या दरपत्रकात होतो. तिथपर्यंत आपला हात पोचत नाही, म्हणून आपण हाताशी असलेल्या बाईला जाब विचारतो.

स्वस्त घेणे ही आपल्याकडे लाजेची गोष्ट झाली तरी कधी? १९७२ साली, दुष्काळाने आणि साठेबाजीने भाव कडाडले होते, तेव्हा मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढे मृणाल गोरे होत्या, अहिल्या रांगणेकर होत्या, प्रमिला दंडवते होत्या. समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एका मोर्चात, आणि त्यांच्यामागे जन्मात कधी मोर्चा न पाहिलेल्या चाळीतल्या गृहिणी. मागणी काय होती? तेल, साखर, रॉकेल परवडेल अशा भावात द्या. त्या बायकांना आपण आज इतिहासात मानाचे पान देतो. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, नायगावच्या गिरणी कामगारांनी एकत्र येऊन ग्राहकांची सहकारी संस्था काढली. तिचाच पुढे 'अपना बाजार' झाला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. बिंदुमाधव जोशी आणि सुधीर फडके यांच्यासारखी माणसे त्यामागे होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक भावात एका घरी उतरवायचा आणि बायकांनी तो आपसात वाटून घ्यायचा. माझ्या मावशीच्या दादरच्या दोन खोल्यांत दर महिन्याला अशा पिशव्यांचा ढीग पडायचा. एक बाई यादी वाचायची, दुसरी पुडे मोजून बाजूला ठेवायची, आणि आम्हा पोरांना गुळाच्या ढेपेपासून लांब राहायची ताकीद असायची. मधल्या दुकानदाराला वगळून स्वस्त घ्यायचे, हाच तर त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. तेव्हा तिला चळवळ म्हणत. आज तेच काम एकटीने, रांगेत उभे राहून करणाऱ्या बाईला आपण कृतघ्न म्हणतो.

हा धागा माझ्या कल्पनेतला नाही. राधाकिशन दमाणींनी २००२ साली पवईला पहिले डीमार्ट उघडले. त्याआधी त्यांनी नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवून पाहिली होती. सहकारातले 'सहकार' गळून गेले आणि 'स्वस्त' तेवढे उरले, हे खरे आहे. मला त्याचे वाईट वाटते. सभासदांच्या मालकीचे दुकान आणि भागधारकांच्या मालकीचे दुकान यांत फरक आहेच. पण सहकारी भांडारे मागे का पडली, याचा हिशेब त्या भांडारांच्या कारभाराकडे मागायचा, की तिथे साखर संपल्यावर दुसरीकडे गेलेल्या गिऱ्हाइकाकडे?

स्वस्त म्हणजे काहीतरी गौडबंगाल असणार, अशी एक शंका नेहमी बोलली जाते. माल जुना असेल, वजनात मारत असतील, नाहीतर इतके स्वस्त कसे देतील? याचे उत्तर पुरेसे उघड आहे. बहुतेक दुकानांची जागा स्वतःच्या मालकीची, त्यामुळे भाड्याची कटकट कमी. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. सजावटीवर खर्च नाही. जो माल खपतो तोच ठेवायचा आणि तो फळीवर पडून राहू द्यायचा नाही. २०२४-२५ या वर्षात या कंपनीची विक्री सुमारे ५९ हजार कोटी रुपयांची होती आणि निव्वळ नफा सुमारे २,७०० कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांच्या मालामागे साडेचार रुपयांच्या आसपास. रक्कम प्रचंड आहे, पण ती एकेका गिऱ्हाइकाकडून थोडे थोडे घेऊन जमलेली आहे. आणि आपल्याला याचे नवल वाटते, कारण पाकिटावर छापलेली किंमत हीच खरी किंमत, असे आपण वर्षानुवर्षे धरून चाललो. एमआरपीमधला 'एम' कमाल या अर्थाचा आहे. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कुणाचीही आडकाठी नाही.

या टीकेत आणखी एक सूर आहे आणि तो मला जास्त खुपतो. तो दुकानदाराच्या कळवळ्याचा नाहीच. "काय ती गर्दी, काय ती माणसे, पाच लिटरचा तेलाचा डबा खांद्यावर घेऊन रिक्षा शोधतात" हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे. मॉलमध्ये पाचशे रुपयांची कॉफी-केक खाणाऱ्याला कोणी विचारत नाही की कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याचे काय होईल. परदेशी कपड्यांच्या दुकानात शिरणाऱ्याला गल्लीतल्या शिंप्याची आठवण कोणी करून देत नाही. नैतिकतेचा तराजू बाहेर निघतो तो नेमका तूरडाळ आणि फिनेल घेणाऱ्यांपुढेच. ज्याला वाचवलेल्या रकमेची गरजच नाही त्याने ती वाचवणाऱ्याला हलके समजावे, हा कसला संस्कार? आपल्या आया-आज्यांनी काटकसरीने संसार उभे केले म्हणून आपण त्यांचे गोडवे गातो ना?

आता विरुद्ध बाजूकडे वळते, कारण ती बाजू पोकळ नाही.

पहिली गोष्ट उधारीची. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले तेव्हा नाक्यावरच्या दुकानदाराने अर्धे शटर उघडून माल दिला, ज्यांचे पगार थांबले त्यांचे वहीत मांडून ठेवले. ते उपकार मोठे होते. कुठल्याही सुपरमार्केटचे बिलिंग मशीन "पुढच्या महिन्यात द्या ताई" म्हणत नाही. पण त्या वहीबद्दल बोलताना आपण हळवे होतो आणि अर्धेच सांगतो. माझी आई मला चाळीखालच्या दुकानात साखर आणायला पाठवायची, "लिहून ठेवा म्हणावं". मी दहा वर्षांची असेन. एकदा दुकानदाराने भर गर्दीत माझ्या डोक्यावरून, पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे बघत म्हटले, "मागचं कोण देणार, तुझा बाप?" मी रिकामी पिशवी घेऊन वर आले. आईने काही विचारले नाही, शेजारणीकडून वाटीभर साखर आणली. त्या घरात त्यानंतर कधी डाळीत किडे निघाले तरी ती परत नेऊन द्यायची हिंमत झाली नाही, कारण ज्याच्या वहीत नाव त्याच्याशी वाद कसा घालायचा? दुकानदार चांगला असेल तर वही आधार असते, नसेल तर तीच दोरी असते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांवर चाल केली, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी शोधल्या त्या वह्या आणि कर्जरोखे, आणि ते जाळले. त्या दंग्यांमुळे सरकारला १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आजचा किराणावाला म्हणजे तेव्हाचा सावकार, असे मी मुळीच म्हणत नाही. पण रोख पैसे मोजून, कुणाच्या मेहेरबानीशिवाय, फळीवरून स्वतःच्या हाताने वस्तू उचलण्यात गरिबाला जे मोकळेपण मिळते, ते ज्यांच्या नावाने वहीत कधी पान उघडले नाही त्यांच्या ध्यानात येत नाही.

दुसरा आक्षेप यापेक्षा भारी आहे, आणि खरे सांगायचे तर स्वस्त दुकानांची बाजू घेणारे तो नेहमी टाळतात. स्वस्त दुकान सर्वांत गरिबाचे नाहीच. तिथे स्वस्त पडते ते पाच किलोचे पोते, लिटरचा डबा, चारचा पॅक. त्यासाठी महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी तीन-चार हजार हातात लागतात, घरी ठेवायला जागा लागते, आणायला निदान रिक्षाचे भाडे लागते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रोज संध्याकाळी वीस रुपयांचे तेल, दहाची साखर, एक शाम्पूची पुडी घेऊन घरी जातात. किलोच्या हिशेबाने त्यांना तेल आणि साखर माझ्यापेक्षा महाग पडते. त्यांच्यासाठी नाक्यावरचा दुकानदारच खरा सुपरमार्केट आहे, कारण तोच वीस रुपयांचे तेल मोजून देतो. म्हणजे ज्याच्याकडे थोडे आहे त्याचे वाचते आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो जास्त मोजतो. हे मी नाकारत नाही. पण मग यावर उपाय काय? वहिनींनीही महाग घ्यावे, म्हणजे समानता येईल? की मावशींच्या वस्तीतल्या दहा घरांनाही पोत्याचा भाव मिळावा? ग्राहक पंचायतीने हाच प्रश्न संघ करून सोडवला होता. आज गावोगाव आणि वस्तीवस्तीत महिलांचे बचत गट आहेत. महिन्याला शंभर रुपये गोळा करायला ज्या बसतात, त्याच बैठकीत डाळ-तांदळाची मागणीही गोळा होऊ शकते. पाच किलोचे पोते पाच घरांत वाटायला तराजू आणि एकमेकींवरचा विश्वास एवढेच लागते, आणि गटात तो असतोच.

गरज नसलेले सामान घरात येते, हा आक्षेप मी फार ताणत नाही. डाळ आणायला जाऊन बादली आणि प्लॅस्टिकचे डबे घेऊन येणारे आहेत. पण महिनाभर पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला खरेदीची अक्कल शिकवायला निघालेल्यांनी आधी तिची यादी बघावी.

नोकरांचा प्रश्न मात्र गंभीर आहे. स्वस्त भावामागे कुणाचे तरी पाय दुखत असतात. दिवसभर उभे राहून बिले करणाऱ्या, फळ्या भरणाऱ्या मुलामुलींना बसायला साधे स्टूल मिळावे यासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. हे सगळीकडे व्हायला हवे, आणि गिऱ्हाईक म्हणून आपण त्यासाठी आवाज उठवायला हवा. पण तुलना करायची तर दोन्हीकडे बघून करावी. नाक्यावरच्या दुकानात सकाळी सातला झाडू मारण्यापासून रात्री दहाला शटर ओढेपर्यंत राबणारा, तिथेच पोटमाळ्यावर झोपणारा गावाकडचा मुलगा कुणाच्या हिशेबात आहे? महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा झाला तेव्हा दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांना त्यातल्या बहुतेक तरतुदींतून मोकळीक मिळाली. दुकान लहान आहे म्हणून तिथल्या नोकराचे कष्ट लहान होत नाहीत.

राहिली मक्तेदारीची भीती. आज स्वस्त देतील, छोटी दुकाने बंद पडली की भाव वाढवतील. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली तेव्हा याच भीतीने भारत बंद झाला होता. परदेशी साखळ्या फारशा आल्या नाहीत, देशी साखळ्या मात्र वाढल्या, आणि तरीही देशातला बहुतेक किराणा आजही छोट्या दुकानांतूनच विकला जातो. पण एवढ्यावर निश्चिंत राहावे असे मी म्हणणार नाही. भीती खरी आहे. ती कुठून येते, एवढेच आपण चुकीचे सांगतो.

सभेनंतर दोन दिवसांनी मी शेठकडे गेले. म्हटले, "शेठ, तुम्हाला हा साबण पडतो कितीला?" ते आधी हसले, मग गल्ल्याखालून एजन्सीचे बिल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. अंगाच्या साबणाच्या चारच्या पॅकची त्यांची खरेदीची किंमत माझ्या पिशवीतल्या डीमार्टच्या बिलावरच्या विक्रीच्या किमतीपेक्षा सात रुपयांनी जास्त होती. म्हणजे शेठनी एक पैसा न कमावता विकले तरी ते महागच. "आम्हीपण मग तिथनंच उचलतो ताई," ते म्हणाले. "सकाळी पोराला पाठवतो. एका माणसाला जास्त देत नाहीत, म्हणून दोन पोरं पाठवतो."

ज्या दुकानाने शेठचा धंदा खाल्ला असे आम्ही सभेत बोलत होतो, त्याच दुकानाच्या रांगेत शेठचा नोकर वहिनींच्या मागेपुढे उभा असतो. त्याला काय सांगायचे? निष्ठा राख?

हा दरांतला फरक काही गुपित नाही. २०२१ च्या अखेरीस वितरकांच्या देशव्यापी संघटनेने मोठ्या ग्राहकोपयोगी कंपन्यांना जाहीरपणे विचारले होते की मोठ्या साखळ्यांना आणि ऑनलाइन घाऊक विक्रेत्यांना एक भाव आणि आमच्यामार्फत जाणाऱ्या छोट्या दुकानदाराला दुसरा, असे का? महाराष्ट्रात काही उत्पादनांचा पुरवठा थांबवण्यापर्यंत गोष्ट गेली. चार दिवस बातम्या आल्या, मग विषय विरला. मोठ्या खरेदीला थोडी सूट मिळणार, हे समजण्यासारखे आहे. एक ट्रक एका दारात उतरवणे आणि तोच माल तीनशे दुकानांत पोचवणे यांचा खर्च वेगळा. पण सूट त्या खर्चाएवढी असावी, की मोठ्याच्या दांडगाईएवढी? अमेरिकेत साखळी दुकानांनी गल्लीतले वाणी नेस्तनाबूत करायला सुरुवात केली तेव्हा, १९३६ मध्ये, रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने नेमका हाच प्रश्न कंपन्यांना विचारला. तो कायदा पुढे बरीच वर्षे कपाटात पडून राहिला आणि त्याने भाव चढतात अशी टीकाही झाली, पण निदान प्रश्न योग्य दारात विचारला गेला. आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्यातही प्रबळ कंपनीने भेदभावाचे दर लावण्याला मनाई आहे. सोसायटीच्या सभेत जेवढा आवाज चढला, त्याच्या एक दशांश आवाजाने व्यापारी संघटनांनी आणि ग्राहक संघटनांनी मिळून हे कलम हातात घेतले असते तर?

आणि दुकानदारांनाही एक गोष्ट स्वतः करता येईल. स्वस्त सुपरमार्केटची कल्पना जगभर गाजवली ती जर्मनीच्या आल्डीने. त्या अल्ब्रेख्त बंधूंच्या आईचे १९१३ सालचे एसेनमधले दुकान आपल्या नाक्यावरच्या दुकानासारखेच होते. पण त्याच जर्मनीत किराण्याच्या धंद्यात सगळ्यात मोठे नाव आल्डीचे नाही, एडेकाचे आहे. एडेका ही १८९८ मध्ये बर्लिनमधल्या किराणा दुकानदारांनी एकत्र खरेदीसाठी काढलेल्या सहकारी संस्थेतून वाढली. दुकाने ज्याची त्याची, खरेदी सगळ्यांची मिळून. स्वस्ताईच्या माहेरघरी सव्वाशे वर्षे वाणी टिकले ते गिऱ्हाइकाला लाज घालून टिकले नाहीत. साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या सहकारात उभ्या करणाऱ्या महाराष्ट्रात एका तालुक्यातल्या दोनशे किराणा दुकानदारांची एकत्र खरेदी का होऊ नये? आमच्या नाक्यापासून स्टेशनपर्यंत सतरा किराणा दुकाने आहेत. मी मोजली. सतराही जणांना तोच एजन्सीवाला त्याच चढ्या भावाने माल देतो, आणि सतराही जण एकमेकांकडे स्पर्धक म्हणून बघतात.

शेठना मी हे सांगितले. ते म्हणाले, "पुढाकार कोण घेणार?" प्रश्न रास्त आहे. त्यांनी बिलाची झेरॉक्स मात्र मला दिली. पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय संपला की मी ती टेबलावर ठेवणार आहे, आणि त्याच ज्येष्ठ सभासदांना ती मोठ्याने वाचायला सांगणार आहे.